बोलतो कोण? : ऐंशीच्या दशकातील चार हेवी मेटल अल्बम

आमच्या घरात या संगीताला एकच नाव होते – 'सैतानी गाणी'. धाकट्या भावाने मित्राकडून भरून आणलेल्या कॅसेटी कपाटात कपड्यांखाली दडवलेल्या असत. मगरिबच्या अजानीच्या वेळी टेपरेकॉर्डर बंद झाला नाही की अम्मीच्या तोंडून तो शब्द हमखास बाहेर पडे. मीही तेव्हा अम्मीच्याच बाजूचा होतो. गझल ऐकणाऱ्या कानांना त्या गोंगाटात काय सापडणार? पुढे साहित्यावर चार शब्द लिहू लागल्यावर एका साध्या प्रश्नाने मला त्या कॅसेटींकडे परत नेले. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे आपण कवितेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो. मग गाण्यातला 'मी' मात्र गायकच, असे आपण का धरून चालतो?

प्रस्तुत लेखात 1980 ते 1990 या दशकातील चार अल्बमांचा विचार केला आहे. ज्यूडस प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' (1980), आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (1982), मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (1986) आणि स्लेअरचा 'रेन इन ब्लड' (1986). या दशकातले हे चारच अल्बम श्रेष्ठ आहेत, असा दावा नाही. पण 'बोलतो कोण?' हा प्रश्न विचारला की या चारांचे मोठेपण कळते आणि त्यांच्या मर्यादाही कळतात.

या संगीताचा जन्म कुठे झाला, ते आधी पाहू. हेवी मेटल ही रॉक संगीताची जड आणि कर्कश शाखा. तिची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाली, असे सामान्यतः मानले जाते. तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात सापडून तुटली. नोकरीचा तो त्याचा शेवटचा दिवस होता. मुलगा डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायची नेमकी तीच बोटे गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचे सूरच खाली उतरवले. 1970 साली निघालेल्या 'ब्लॅक सबाथ' या बँडच्या पहिल्या अल्बमपासून जो काळोखी, जड आवाज जगाला ऐकू आला, त्याच्या मुळाशी ही जखमी बोटे आहेत. बँडचे नाव एका भयपटावरून घेतलेले होते. नाव भुताटकीचे, पण आवाज कारखान्यातला. लोकांनी नाव वाचले आणि आवाजाकडे दुर्लक्ष केले.

असाच गैरसमज हाताच्या एका खुणेविषयी झाला. तर्जनी आणि करंगळी वर काढून उरलेली बोटे मिटायची, ही या संगीताच्या चाहत्यांची खूण. तिला सर्रास 'सैतानाची शिंगे' म्हटले जाते. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने. 1979 मध्ये तो ब्लॅक सबाथमध्ये आला. तो सांगत असे की, ही खूण त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतली आणि आजी ती वाईट नजर टाळण्यासाठी करीत असे. म्हणजे आपल्याकडे मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढतात, त्याच जातीचा हा प्रकार! वाईटापासून रक्षण करणारी आजीची खूण जगाने वाईटाचीच खूण ठरवली.

गैरसमजाचे सर्वांत गाजलेले प्रकरण 19 सप्टेंबर 1985 रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढे घडले. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर काही प्रतिष्ठित स्त्रियांनी गाण्यांमधील अश्लीलता व हिंसा यांविरुद्ध मोहीम उघडली होती. आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गाण्यांच्या त्यांच्या यादीत ज्यूडस प्रीस्ट आणि ब्लॅक सबाथ होतेच, मॅडोना आणि प्रिन्सही होते. सुनावणीला ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर आला. आपण ख्रिस्ती आहोत, विवाहित आहोत, दारू, सिगारेट वा अमली पदार्थ यांना शिवत नाही, हे त्याने प्रथम सांगितले. मग तो 'अंडर द ब्लेड' या आपल्या गाण्याकडे वळला. या गाण्यात विकृत लैंगिक छळाचे वर्णन असल्याचा आरोप होता. ते गाणे आपल्या गिटारवादकाच्या घशावरील शस्त्रक्रियेवरून, ऑपरेशनच्या टेबलावर वाटणाऱ्या भीतीवरून सुचले, असे स्नायडरने सांगितले. टिपर गोर जे शोधायला गेल्या होत्या, ते त्यांना सापडले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

हे वाक्य प्रत्येक समीक्षकाने लक्षात ठेवावे. मंटोच्या 'ठंडा गोश्त'वर खटला भरणाऱ्यांनाही ते शोधत होते तेच सापडले होते. 'गोलपिठा' 1972 साली आला तेव्हा त्यातल्या शब्दांनीच बिचकलेल्या अनेकांना त्या शब्दांमागचा माणूस दिसला नव्हता. आणि सैतानाला बोलायला लावणे म्हणजे सैतानाची बंदगी करणे नव्हे, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको. अल्लामा इक्बाल यांनी 1936 साली 'इब्लीस की मजलिस-ए-शूरा' लिहिली. तीत इब्लीस आणि त्याचे सल्लागार बोलतात आणि त्यांच्या तोंडून कवी आपल्या काळातल्या राजकारणाचा पंचनामा करतो. त्यावरून इक्बाल यांना कुणी सैतानाचे भक्त म्हणत नाही. जी सवलत आपण आपल्या कवीला देतो, ती परक्या गवयालाही देता आली पाहिजे.

आता अल्बमांकडे वळू. 'ब्रिटिश स्टील' एप्रिल 1980 मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी जानेवारीपासून ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशन या सरकारी पोलाद उद्योगातल्या कामगारांचा तेरा आठवड्यांचा देशव्यापी संप झाला होता आणि तो नुकताच मिटला होता. बँडमधला गिटारवादक ग्लेन टिप्टन याने पूर्वी याच उद्योगात उमेदवारी केलेली. गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा, म्हणजे त्याच लोखंडी पट्ट्यातला. मुंबईच्या गिरणी संपाची आठवण असलेल्या वाचकाला या अल्बमची हवा ओळखीची वाटेल. 'ब्रेकिंग द लॉ' या गाण्यात बोलणारा आहे काम नसलेला, आशा संपलेला तरुण. गुन्हा करा असे तो कुणाला सांगत नाही. आपण तिथवर कसे आलो, एवढेच सांगतो. 'मेटल गॉड्स'मध्ये माणसाने बनवलेली यंत्रेच माणसावर राज्य करू लागतात. यंत्रांच्या पावलांचा आवाज काढण्यासाठी बँडने काट्याचमच्यांचे ट्रे हलवले, तर 'ब्रेकिंग द लॉ'मध्ये काच फुटल्याचा आवाज यावा म्हणून दुधाच्या बाटल्या फोडल्या. ध्वनिमुद्रण झाले ते मात्र बीटल्सच्या रिंगो स्टारच्या आलिशान घरातल्या स्टुडिओत!

'ब्रिटिश स्टील'चे बळ त्याच्या काटेकोरपणात आहे. गाणी छोटी, चाली सरळ, पसारा नाही. पण जिथे बोलणाऱ्या एका माणसाची जागा 'आपण सारे' घेतो, तिथे अल्बम पातळ होतो. 'युनायटेड' हे गाणे फुटबॉलच्या मैदानातल्या घोषणेसारखे आहे. हजारोंना एका सुरात गायला ते सोपे, पण घरी एकट्याने ऐकताना त्यातून काहीच हाती लागत नाही. घोषणा आणि कविता यांतला फरक आपल्या चळवळींच्या साहित्यालाही कधी कधी महागात पडला आहे, म्हणून हा दोष मला चटकन जाणवतो.

'द नंबर ऑफ द बीस्ट' मार्च 1982 मध्ये आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नवा गायक ब्रूस डिकिन्सन याचा आयर्न मेडनबरोबरचा हा पहिलाच अल्बम. शीर्षकगीत बँडचा प्रमुख स्टीव्ह हॅरिस याला पडलेल्या एका दुःस्वप्नातून आले. गाण्याआधी बायबलच्या शेवटच्या ग्रंथातला उतारा वाचला जातो. मग एक घाबरलेला माणूस आपण काय पाहिले ते सांगतो. गाण्याच्या शेवटी आवाज बदलतो आणि खुद्द तो पशूच बोलू लागतो. एवढ्यावरून अमेरिकेत काही धार्मिक गटांनी या रेकॉर्डी जाळल्या. मुखपृष्ठ नीट पाहिले असते तरी पुष्कळ उलगडा झाला असता. त्यावर बँडचा हाडकुळा राक्षस एडी हा सैतानाला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतो आहे आणि त्या सैतानाच्या हाती पुन्हा एक छोटा एडी आहे. कोण कुणाला नाचवतो, हा प्रश्न चित्रकार डेरेक रिग्ज याने उघडाच ठेवला आहे.

माझ्या मते या अल्बमचे मोठेपण शीर्षकगीतात नसून दुसऱ्या दोन गाण्यांत आहे. 'रन टू द हिल्स'मध्ये गोऱ्यांनी केलेला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा संहार येतो. पहिल्या कडव्यात बोलतात ते मूळ रहिवासी. दुसऱ्या कडव्यात बोलतो तो त्यांचा पाठलाग करणारा गोरा. धृपद दोन्ही वेळा तेच, डोंगराकडे पळा असे सांगणारे. आधी ते जिवाच्या आकांताचे वाटते, पुढे त्याच शब्दांत शिकाऱ्याची मजा ऐकू येते. खाली घोडदौडीचा ठेका चालूच असतो, पण घोडा कुणाचा हे बदललेले असते. बोलणारा बदलला की तेच शब्द किती बदलतात, याचा याहून स्वच्छ नमुना मला लोकप्रिय संगीतात क्वचितच आढळला. शेवटचे 'हॅलोड बी दाय नेम' हे फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचे स्वगत आहे. घंटेच्या टोल्याने ते सुरू होते. कैद्याला भीती वाटते, श्रद्धा डळमळते, देव असेल तर त्याने हे कसे होऊ दिले असे तो विचारतो आणि अखेर मन शांत करू पाहतो. सात मिनिटांत त्याच्या मनाच्या साऱ्या अवस्था संगीत बदलत बदलत उलगडतात. ज्या गाण्याचे नावच ख्रिस्ती प्रार्थनेतून घेतले आहे, ते 'सैतानी' अल्बमचा शेवट आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

पण न्याय करायचा तर दोषही सांगितला पाहिजे. '22 अकेशिया अ‍ॅव्हेन्यू' या गाण्यात एक वेश्या आहे. तिच्याविषयी पुरुष बोलतो, तिला उपदेश करतो, तिला सोडवायची भाषा करतो. ती स्वतः मात्र बोलत नाही. फासावर जाणाऱ्याला, मूळ रहिवाशाला, खुद्द पशूलासुद्धा आवाज देणाऱ्या या बँडला एका स्त्रीला आवाज देता आला नाही. हा दोष एकट्या आयर्न मेडनचा नाही. मी निवडलेल्या चारही अल्बमांत एकाही स्त्रीचा आवाज नाही. त्या दशकातल्या या संगीताची ही मोठी उणीव आहे.

आयर्न मेडनने आपला 2008 सालचा जागतिक दौरा 1 फेब्रुवारीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. तेव्हा या गाण्यांचे आपल्याकडचे श्रोते किती आहेत, ते उघड दिसले.

'मास्टर ऑफ पपेट्स' मार्च 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या चार तरुणांनी तो डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. गाणी आठ, वेळ सुमारे पंचावन्न मिनिटे. तोवर या बँडने एकही व्हिडिओ काढलेला नव्हता आणि रेडिओवरही त्यांना फारशी जागा नव्हती. ध्वनिमुद्रणाचा वारसा जपण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसचे ग्रंथालय दरवर्षी काही ध्वनिमुद्रणे निवडते. त्या नोंदवहीच्या 2015 सालच्या यादीत हा अल्बम आला. हा मान मिळालेला तो पहिला मेटल अल्बम.

या अल्बमचा विषय एकच आहे, सत्ता. शीर्षकगीतात बोलणारा कोण? तर खुद्द अमली पदार्थ. व्यसनी माणसाला तो आपला गुलाम म्हणून हाक मारतो. गाण्याच्या मध्यावर गती एकदम मंदावते आणि हळुवार गिटार सुरू होते, जणू नशेचे क्षणभराचे सुख. पाठोपाठ पहिला मारा परत येतो आणि शेवटी उरते ते खदाखदा हसणे. व्यसनाविरुद्ध इतके प्रभावी प्रवचन मी क्वचितच ऐकले असेल आणि यात उपदेशाचे एक वाक्यही नाही. 'डिस्पोजेबल हीरोज'मध्ये कोवळा शिपाई आणि त्याला आघाडीवर परत पाठवणारा अधिकारी, असे दोन आवाज आहेत. 'वेलकम होम'मध्ये वेड्यांच्या इस्पितळात डांबलेला माणूस बोलतो. 'लेपर मसाया' टीव्हीवरून पैसे मागणाऱ्या धर्मोपदेशकांवर आहे. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, जिम बेकर या अमेरिकेतल्या प्रख्यात टीव्ही उपदेशकाला घोटाळ्यामुळे पायउतार व्हावे लागले. व्यसन, लष्कर, इस्पितळ, धर्मपीठ, ही सत्तेची चार रूपे. प्रत्येक ठिकाणी माणूस बाहुली आहे आणि दोऱ्या दुसऱ्याच कुणाच्या हाती आहेत. इथे आशय आणि रूप वेगळे काढताच येत नाहीत. गिटारचा तो न थकणारा, यंत्रासारखा मारा हाच सत्तेचा आवाज आहे. 'ओरायन' या शब्दरहित रचनेत मात्र दोऱ्या सुटतात आणि संगीत मोकळा श्वास घेते. तिच्यातल्या बास गिटारमागचा कलावंत क्लिफ बर्टन त्याच वर्षी 27 सप्टेंबरला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. तो अवघा चोवीस वर्षांचा होता.

चौथ्या अल्बमविषयी लिहिणे मला सर्वांत कठीण जाते. 'रेन इन ब्लड' ऑक्टोबर 1986 मध्ये आला. दहा गाणी आणि सगळी मिळून एकोणतीस मिनिटेसुद्धा नाहीत. वेग, नेमकेपणा आणि काटकसर या कसोट्यांवर याच्या तोडीचा अल्बम त्या दशकात नाही. पहिलेच गाणे 'एंजल ऑफ डेथ' हे आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर अघोरी प्रयोग करणाऱ्या योसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरवर आहे. या गाण्यामुळे आणि मुखपृष्ठामुळे कोलंबिया कंपनीने अल्बमचे वितरण करण्यास नकार दिला. शेवटी दुसऱ्या कंपनीने तो वितरित केला. गाणे लिहिणाऱ्या जेफ हॅनेमनचे म्हणणे असे की, मेंगेले दुष्ट होता हे उघडच आहे, ते वेगळे सांगायची गरज नाही.

हे म्हणणे मला अर्धेच पटते. मंटोच्या 'स्याह हाशिये'मध्येही लेखक निवाडा देत नाही. पण तिथे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आपली मान शरमेने खाली जाते. 'एंजल ऑफ डेथ'मध्ये बोलतो कोण, हेच ठरत नाही. साक्षीदार? इतिहासकार? की क्रौर्यावर भाळलेला तमासगीर? बळींना आवाज नाही. यातनांची वर्णने एकामागून एक येतात आणि त्या वेगाची धुंदी चढते. याच बँडच्या चाहत्यांच्या संघाच्या नावात हिटलरच्या सैन्याचे नाव मिरवले जात होते. ज्यांच्या माणसांनी दंगलीतला जमाव पाहिला आहे, त्यांना ही धुंदी ओळखू येते. ती कलेतली असली तरी अंगावर काटा येतो. बँडचा गायक टॉम अराया चिलीत जन्मलेला, कॅथॉलिक घरातला, श्रद्धाळू. तो सैतानाचा भक्त नाही, हे मी सहज मानतो. माझा आक्षेप वेगळा आहे. या अल्बममध्ये सैतान आहे म्हणून मी अस्वस्थ नाही. ज्यांना मारले ते माणूस म्हणून त्यात नाहीत, म्हणून मी अस्वस्थ आहे. रूपाच्या दृष्टीने चारांत हाच कदाचित सर्वांत निर्दोष. तरीही मी त्याला 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या खाली ठेवतो.

'बोलतो कोण?' हा प्रश्न पुढे गाण्यांच्या बाहेरही खरा ठरला. 2003 साली इराकमध्ये कैद्यांचा निर्धार मोडण्यासाठी अमेरिकन लष्कर मेटॅलिकाची गाणी मोठ्या आवाजात आणि सलग ऐकवत असल्याच्या बातम्या आल्या. शिपायाला बाहुली म्हणणारा, इस्पितळात डांबलेल्याची तडफड गाणारा हा बँड. त्याचाच आवाज डांबणाऱ्यांचे हत्यार झाला. गायक जेम्स हेटफील्ड याने एका मुलाखतीत ही गोष्ट थट्टेवारी नेली. ज्याने दोऱ्या ओळखल्या होत्या, त्याला त्या आपल्याच हातात आलेल्या दिसल्या नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

पण त्याच इराकमध्ये, बगदादमध्ये, 'अ‍ॅक्रासिकॉडा' नावाचा चार तरुणांचा बँड होता. मेटॅलिका आणि स्लेअर ऐकून ते वाढले. सद्दामच्या राजवटीत कार्यक्रम करायचा तर त्याच्या स्तुतीचे गाणे लिहावे लागे, तेही त्यांनी लिहिले. युद्ध आले, सरावाची जागा बाँबस्फोटात गेली, ते सीरियात गेले, मग तुर्कस्तानात, पुढे अमेरिकेत. 2007 च्या 'हेवी मेटल इन बगदाद' या माहितीपटात ही कहाणी पाहायला मिळते. छळ करणाऱ्याच्या स्पीकरमधून आलेला आवाज आणि या मुलांच्या गिटारमधून आलेला आवाज कानाला जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की बोलणारा वेगळा.

भावाच्या त्या कॅसेटी आता राहिल्या नाहीत आणि अम्मीही राहिली नाही. ती असती तर हे संगीत तिला आवडले असते, असे मी म्हणणार नाही. कानाची आवड वादाने बदलत नाही. पण 'हे सैतान बोलतोय' असे ती म्हणाली असती, तर आज मी म्हणालो असतो : अम्मी, फाशीच्या कोठडीतला एक माणूस बोलतोय, जरा ऐक. आणि तिने ऐकले असते.